व्हॉल्व्हचा जुना टीव्ही ठाण्यात दुरुस्त करून घेताना: नौपाड्यातल्या एका वर्कशॉपच्या कामाचं परीक्षण

गोखले रोडच्या आतल्या गल्लीत हे वर्कशॉप आहे. पाटी नाही. दोन माणसं जेमतेम उभी राहतील एवढी जागा आणि भिंतीभर चहाच्या डब्यांत ठेवलेले सुटे भाग. व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा, ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही घेऊन येणारा प्रत्येक जण सेट टेबलावर ठेवता ठेवताच म्हणतो, "एकदा लावून बघा ना." इथले दुरुस्ती करणारे काका सरळ नाही म्हणतात. या कामाला चांगले गुण देण्याचं पहिलं कारण हेच आहे.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. त्या दशकात घरी आलेले सेट आज पन्नाशीच्या आसपास आहेत आणि त्यांतले बरेचसे वीस-पंचवीस वर्षं माळ्यावर पडून होते. असा सेट थेट प्लगमध्ये लावला तर तीन गोष्टी होऊ शकतात. वाळलेला इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर शॉर्ट होऊन फुटतो. गळक्या पेपर कंडेन्सरमुळे आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर (आतला करंट ताब्यात ठेवणाऱ्या जाळीवर) पॉझिटिव्ह व्होल्टेज जातं आणि व्हॉल्व्ह जास्त करंट ओढतो. तिसरी सगळ्यात महागाची: लाइन ऑसिलेटर (चित्राच्या आडव्या रेघांची लय देणारा भाग) चालू होत नाही, पीएल ५०४ या लाइन आउटपुट व्हॉल्व्हला ड्राइव्ह (चालवणारा सिग्नल) मिळत नाही, त्याची प्लेट लाल होते आणि मिनिट-दोन मिनिटांत ईएचटी, म्हणजे पिक्चर ट्यूबला हजारो व्होल्ट देणाऱ्या, ट्रान्सफॉर्मरचं मेण वितळू लागतं. कंडेन्सर बाजारात मिळतो, व्हॉल्व्हही शोधून सापडतो. त्या मॉडेलचा ईएचटी ट्रान्सफॉर्मर मात्र दुसरा सेट मोडूनच मिळवावा लागतो. "एकदा लावून बघा" याची किंमत एवढी असते.

परीक्षणासाठी समोर होता सत्तरच्या दशकातला २४ इंची हायब्रिड सेट, म्हणजे ट्यूनर (चॅनल पकडणारा भाग) आणि आयएफ (तो सिग्नल वाढवणारा भाग) ट्रान्झिस्टरवर, बाकी सगळं व्हॉल्व्हवर. सरकत्या शटरचं सागवानी व्हिनिअरचं कॅबिनेट. काम पूर्ण झाल्यावर मागचं झाकण काढून आत काय बदललं, काय ठेवलं आणि कसं बसवलं हे तपासलं. खालचं मत त्या तपासणीवर आहे.

वीज न लावता होणारी पहिली तपासणी इथे नीट होते. पिक्चर ट्यूबची मान आधी पाहतात. आतला गेटरचा (उरलीसुरली हवा शोषणाऱ्या धातूचा) डाग चंदेरी किंवा काळसर असेल तर पोकळी शाबूत आहे. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर हवा शिरली आहे आणि पुढचं सगळं काम व्यर्थ. अशा वेळी सेट परत नेण्याचा सल्ला देतात, मजुरी घेत नाहीत. मग फिलामेंटची साखळी (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या, एकामागे एक जोडलेल्या तारा) मीटरने पाहतात, एचटी लाइन (व्हॉल्व्हना उच्च व्होल्टेज पुरवणारी) आणि चॅसिस (धातूचा सांगाडा) यांच्यामधला रजिस्टन्स मोजतात, आणि झुरळांची घाण व उंदरांनी कुरतडलेल्या वायरी शोधतात. ट्यूबमधला साठलेला चार्ज अॅक्वाडॅगच्या (ट्यूबवरच्या काळ्या वीजवाहक लेपाच्या) जाळीला जोडलेल्या वायरने उतरवतात, आणि काही मिनिटांनी पुन्हा एकदा उतरवतात. ट्यूबची काच हीच मोठ्या कंडेन्सरचं काम करते. एकदा उतरवलेला चार्ज थोडा परत जमतो आणि दुसऱ्यांदा हात लावणाऱ्याला झटका देतो. घरी कोणी स्वतः झाकण उघडणार असेल तर त्याने एवढी एक गोष्ट तरी इथून शिकावी.

दुसरी गोष्ट चॅसिसची. या सेटमध्ये मेन ट्रान्सफॉर्मर नसतो. विजेची एक तार थेट चॅसिसला जाते. दोन पिनांचा प्लग उलटा लागला की संपूर्ण चॅसिस फेजवर, आणि बटणाचा प्लास्टिकचा नॉब निघालेला असेल तर त्या दांड्यावरही २३० व्होल्ट. वर्कशॉपमध्ये ५०० व्हीएचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आहे. सेट दीडशे-पावणेदोनशे वॉटचा, मग एवढा मोठा कशाला, असं वाटेल. सेटमधला डायोड विजेची फक्त अर्धी लाट ओढतो, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यावर एकतर्फी ताण येतो. बेताच्या मापाचा ट्रान्सफॉर्मर अशा वेळी गुरगुरतो आणि तापतो. ५०० व्हीए योग्य आहे.

कंडेन्सरच्या कामात हात स्वच्छ दिसला. मेणाचे आणि डांबराचे जवळजवळ तीस पेपर कंडेन्सर काढून पिवळे पॉलिएस्टर बसवले आहेत: ०.०१, ०.०२२, ०.०४७, ०.१ मायक्रोफॅरड, सगळे ६३० व्होल्टचे. सिरॅमिक, मायका आणि ऑसिलेटरमधले स्टायरोफ्लेक्स हात न लावता ठेवले, हे बरोबर. ते सहसा बिघडत नाहीत, आणि ऑसिलेटरमध्ये मूल्य थोडं हललं तरी लाइन होल्ड (चित्र आडवं स्थिर ठेवणारी जुळवणी) सरकतो. मेन फिल्टरचं (डायोडनंतर वीज सपाट करणारं) २०० + २०० मायक्रोफॅरड, ३५० व्होल्टचं अॅल्युमिनियमचं नळकांडं दिसायला जागेवर ठेवलं आहे, पण त्याच्या तारा सोडवून खाली २२० मायक्रोफॅरड ४५० व्होल्टचे दोन नवे बसवले आहेत. ४५० व्होल्ट ही चैन नाही. सेट लावल्यावर व्हॉल्व्ह गरम व्हायला अर्धं मिनिट लागतं, सिलिकॉन डायोड मात्र त्या क्षणी चालू होतो. भार नसताना फिल्टरवर लाटेचं शिखर चढतं. घरात २४५ व्होल्ट येत असतील तर ते ३४६ व्होल्ट होतं. जुना ३५० व्होल्टचा कंडेन्सर रोज संध्याकाळी काठावर उभा असायचा. "मोठा तो चांगला" म्हणून ४७० मायक्रोफॅरड लावणारेही आहेत. त्याने सुरुवातीचा धक्का वाढतो आणि बीवाय १२७ डायोड किंवा त्याच्या आधीचा सर्ज रजिस्टन्स जातो. इथे तो मोह टाळला आहे.

व्हॉल्व्ह साखळीत असल्यामुळे एखादा काढून तपासता येत नाही, कारण एक काढला की सगळे विझतात. म्हणून गळका कंडेन्सर शोधायची खरी रीत म्हणजे सेट चालू असताना आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर मीटर लावणं. पीसीएल ८०५ (फ्रेम, म्हणजे चित्राची उभी चाल सांभाळणारा) आणि पीसीएल ८६च्या (आवाजाचा) पेंटोड ग्रिडवर शून्य किंवा किंचित निगेटिव्ह दिसायला हवं. अर्धा व्होल्ट जरी पॉझिटिव्ह दिसला तरी कपलिंग कंडेन्सर गेला समजायचं. चित्र खालून दबलेलं असेल तर पीसीएल ८०५च्या कॅथोडवरचा १०० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा कंडेन्सर आधी बदलावा. दहातल्या बहुतेक वेळा तोच असतो. पडद्यावर एकच जाड काळा पट्टा वर-खाली सरकत असेल तर मेन फिल्टर. अर्ध्या लाटेच्या सप्लायमुळे पट्टा एकच येतो, दोन नाहीत.

फिलामेंटच्या साखळीचं गणित या वर्कशॉपने ज्या बारकाईने केलंय, ते ठाण्यात दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळेल. पी मालिकेच्या सगळ्या व्हॉल्व्हना ३०० मिलिअँपिअर लागतात. पीवाय ८८ला ३० व्होल्ट, पीएल ५०४ला २७, पीसीएल ८०५ला १८, पीसीएल ८४ला १५. बाकीचे व्हॉल्व्ह आणि ट्यूबचे ६.३ धरून या सेटची बेरीज सुमारे १२८ होते. साखळीत डायोड आहे, म्हणजे २३० व्होल्टची अर्धी लाट, परिणामी १६३ व्होल्ट. उरलेले ३५ व्होल्ट ड्रॉपर रजिस्टन्सने खायचे: ३५ भागिले ०.३, म्हणजे ११७ ओहम, साडेदहा वॉट. सिरॅमिकचा २० वॉटचा लावला की तो आरामात चालतो. आता नौपाड्यात, रात्री उशिरा, भार कमी झाल्यावर २४५ व्होल्ट दिसत असतील तर हेच गणित १५० ओहमवर जातं. काकांनी मूळ ड्रॉपरला ३३ ओहम १० वॉटचा आणखी एक जोडला आहे. तो चॅसिसपासून दूर, टॅग पट्टीवर, हवा लागेल असा बसवला आहे.

इथे मीटरची एक फसगत आहे. अर्ध्या लाटेत साधा मल्टिमीटर एसीवर लावला तर आकडा चुकतो, ट्रू आरएमएस म्हणवणारा मीटरही बहुधा चुकतो, कारण तो डीसी भाग सोडून देतो. सोपा उपाय म्हणजे ड्रॉपरच्या दोन टोकांना डीसी रेंजवर मीटर लावायचा आणि अपेक्षित आकड्याला ०.६४ने गुणायचं. ३५ व्होल्टच्या जागी डीसी मीटर २२ दाखवत असेल तर करंट बरोबर ३०० आहे. हा डायोड शॉर्ट झाला तर साखळीत ३०० ऐवजी ४०० मिलिअँपिअरच्या आसपास जातात आणि चित्र तर छान, उजळ दिसतं! काही महिन्यांत ट्यूबसकट सगळे फिलामेंट जातात. म्हणून तो डायोडही बदलून घ्यावा. इथे तो बदललेला आढळला.

पहिल्यांदा वीज देण्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. सिरीजमध्ये २०० वॉटचा फिलामेंटचा दिवा, आणि पीएल ५०४च्या स्क्रीन ग्रिडचा (आतल्या दुसऱ्या जाळीचा) रजिस्टन्स एका टोकाने सोडवलेला. व्हॅरिअॅकने हळूहळू व्होल्टेज वाढवायची रीत रेडिओत चालते, टीव्हीत ती धोक्याची. कमी व्होल्टेजवर लाइन ऑसिलेटर सुरूच होत नाही आणि पीएल ५०४ ड्राइव्हविना उघडा पडतो. स्क्रीन ग्रिड सोडवलेला असला की तो निपचित राहतो. तेवढ्यात एचटी, आवाजाचा भाग, फ्रेम, आणि मुख्य म्हणजे पीसीएफ ८०२ (लाइन ऑसिलेटरचा व्हॉल्व्ह) नीट चालतोय का, हे पाहून घ्यायचं. पीएल ५०४च्या कंट्रोल ग्रिडवर चाळीस ते साठ व्होल्ट निगेटिव्ह दिसले की मगच स्क्रीन ग्रिड जोडायचा. कॅथोडमध्ये १० ओहमचा रजिस्टन्स तात्पुरता टाकून त्याच्यावरचं व्होल्टेज पाहतात. १.३ व्होल्ट म्हणजे १३० मिलिअँपिअर. या व्हॉल्व्हची कमाल मर्यादा २५०ची आहे, तेव्हा हे ठीक. पीएल ५०४च्या डोक्यावरच्या टोपीला मीटर लावायचा नाही, हे काका येणाऱ्या प्रत्येकाला बजावतात. तिथे दर ६४ मायक्रोसेकंदाला काही हजार व्होल्टचा झटका येतो, मीटर जागेवर मरतो.

बूस्ट कंडेन्सर (लाइन आउटपुटचं वाढीव व्होल्टेज साठवणारा) या सेटमध्ये ०.२२ मायक्रोफॅरडचा आहे. त्या जागी १००० व्होल्टचा पॉलिप्रोपिलिन बसवला आहे. पॉलिएस्टर तिथे तापतो, पल्सचा करंट त्याला झेपत नाही. दोन्ही पिवळेच दिसतात, त्यामुळे लॅमिंग्टन रोडवर घेताना अंगावरचा छाप वाचूनच घ्यावा. ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं आणि ६३० व्होल्टचा घेऊन परत यायचं, असं होऊ नये.

ईएचटी प्रोबने मोजलेलं व्होल्टेज १६ हजारांच्या थोडं वर आलं. ब्राइटनेस वाढवल्यावर चित्र फुगत नाही, म्हणजे डीवाय ८०२ (ईएचटीचा रेक्टिफायर व्हॉल्व्ह) अजून दमदार आहे. चित्र फुग्यासारखं मोठं होत अंधुक होत असेल तर आधी हाच व्हॉल्व्ह बदलून पाहावा, स्वस्तातलं काम आहे. पिक्चर ट्यूब मात्र थकलेली आहे. पहिली दोन-तीन मिनिटं पांढरा भाग चांदीच्या वर्खासारखा चमकतो, मग सुधारतो. काकांनी फिलामेंटला बूस्टर लावला नाही. आमच्या मते हा निर्णय योग्य. साखळीतल्या ट्यूबला वेगळा ट्रान्सफॉर्मर लावून ७ व्होल्ट देता येतात, पण तो शेवटचा उपाय. एकदा दिला की ट्यूबचं उरलेलं आयुष्य झपाट्याने संपतं. रोज अर्धा तास लावणाऱ्या घराने दोन मिनिटं थांबावं.

ठाण्याची हवा हा वेगळाच विषय आहे. खाडीची दमट हवा आणि पावसाळ्याचे चार महिने. जूनमध्ये पहिल्यांदा लावलेल्या सेटमधून "स्स्स" असा आवाज आणि ओझोनचा तिखट वास येतो, अंधारात ईएचटीच्या टोपीभोवती निळसर प्रभा दिसते. धूळ आणि ओल यांची साय काचेवर जमते आणि तिच्यावरून वीज सरपटते. इथे ट्यूबच्या टोपीभोवतीची काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, पूर्ण वाळवून, रबरी टोपीच्या आत सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर देतात. अॅक्वाडॅगचा काळा लेप मात्र पुसायचा नाही. उत्साही माणसं तो "मळ" समजून घासून काढतात आणि मग चित्रात आडव्या रेघा येतात. पावसाळ्यात बंद ठेवलेला सेट थेट लावू नये. आदल्या रात्री कॅबिनेटमध्ये ४० वॉटचा दिवा पेटता ठेवावा, वाळला की मग लावावा.

आता सिग्नलचं. मुंबईचं प्रक्षेपण बँड एकच्या चॅनल ४वर असायचं, चित्र ६२.२५ मेगाहर्ट्झवर आणि आवाज त्याच्या ५.५ मेगाहर्ट्झ पुढे. ते अॅनालॉग प्रक्षेपण आता बंद झालंय, तेव्हा गच्चीवरच्या अँटेनाचा उपयोग नाही. सेट टॉप बॉक्स आणि सेट यांच्यामध्ये मॉड्युलेटर (बॉक्सचं चित्र-आवाज टीव्ही चॅनलच्या सिग्नलमध्ये बदलणारा डबा) लागतो, आणि इथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त मॉड्युलेटरवर "चॅनल ३/४" लिहिलेलं असतं, ते अमेरिकी चॅनल. त्यांचं ४ नंबर ६७.२५वर आहे आणि आवाज चित्राच्या फक्त ४.५ पुढे. चित्र कसंबसं पकडलं तरी आवाज येत नाही, फक्त घरघर येते. आपल्याकडच्या पद्धतीचे, म्हणजे पाल बीजीचे, बरेच मॉड्युलेटर फक्त यूएचएफवर देतात, जे या ट्यूनरला ऐकूच येत नाही. व्हीएचएफवर देणारा, ५.५ मेगाहर्ट्झ आवाजाचा मॉड्युलेटर मागावा, त्यानंतर ७५ ते ३०० ओहमचा बालून (दोन वायरींचा मेळ घालणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) आणि मग चपटी वायर. बॉक्सच्या सेटिंगमध्ये चित्र ४:३ करायला विसरू नये, नाहीतर सगळे लोक लांबुडके दिसतात.

काही कारागीर मॉड्युलेटरचा खर्च वाचवायला सेटच्या आतून थेट व्हिडिओची पिन काढून देतात. तसं करू देऊ नका. चॅसिस विजेवर आहे, ती पिन बॉक्सला जोडली की बॉक्सची बॉडी, त्याची एचडीएमआय वायर, सगळं फेजवर. इथे कितीही गळ घातली तरी अशी पिन काढून देत नाहीत. सिग्नल फक्त अँटेनाच्या सॉकेटमधूनच आत जातो, कारण तिथे चॅसिसपासून तोडणारे दोन छोटे कंडेन्सर असतात. ते दोन्ही वाय-१ (विजेपासून सुरक्षेसाठीच्या) दर्जाचे नवे लावलेले दिसले. १००० पिकोफॅरडच्या एका कंडेन्सरमधून २३० व्होल्टवर ०.०७ मिलिअँपिअर जातात, हाताला कळतही नाही. तोच जुना कंडेन्सर शॉर्ट झाला तर अँटेनाच्या वायरवर घरची वीज. संपूर्ण सेटमध्ये माणसाच्या जिवाशी थेट संबंध असलेला भाग हाच, आणि बिलात तो पहिल्या ओळीत लिहिलेला पाहून बरं वाटलं.

काय खटकलं तेही स्पष्ट लिहायला हवं. हाइट कंट्रोलला बूस्ट लाइनवरून, म्हणजे सातशे-आठशे व्होल्टवरून सप्लाय येतो. तिथला जुना १ मेगओहम वाढून १.७ झाला होता, म्हणून चित्राची उंची कमी होती. निदान अचूक. पण त्या जागी पाव वॉटचा एकच कार्बन फिल्म रजिस्टन्स टाकला होता. वॉटच्या हिशोबात तो बसतो, व्होल्टेजच्या हिशोबात नाही. पाव वॉटवाला साधारण २५० व्होल्टच सहन करतो, पुढे त्याचं मूल्य हळूहळू पुन्हा सरकतं. तिथे ४७० किलोओहम, १ वॉटचे दोन सिरीजमध्ये हवेत. लक्षात आणून दिल्यावर काकांनी समोरच, कुरकुर न करता बदलून दिलं. तरीही तुमच्या सेटमध्ये हे आवर्जून विचारा.

दोन पिनांचा प्लग तसाच ठेवला आहे. बदलायला हवा होता: तीन पिनांचा लावून, अर्थिंगची पिन मोकळी ठेवून, न्यूट्रल नेहमी चॅसिसकडेच जाईल असा. जुन्या चाळीत आणि काही सोसायट्यांत सॉकेटमध्येच फेज-न्यूट्रल उलटे असतात, तेव्हा घरी आल्यावर टेस्टरने तेही पाहायचं.

कॅबिनेटचं काम इथे देऊ नये. लाखेच्या पॉलिशवर पीयूचा (पॉलियुरेथेनचा) स्प्रे मारून देतात. दिसतो चकचकीत, पण व्हिनिअरचा जुना मधाळ रंग जातो आणि शटरच्या खाचांत थर साचून शटर अडतं. ट्यूनरचे संपर्क मात्र सुंदर साफ केलेत. अल्कोहोल आणि मऊ ब्रश, पेट्रोल किंवा शिलाईचं तेल नाही. आयएफच्या कॉइलचे गाभे कोणी फिरवलेले नाहीत. हे लिहिण्याएवढं महत्त्वाचं आहे, कारण स्क्रू ड्रायव्हर घेऊन ते फिरवणारे हात बरेच असतात आणि एकदा ३८.९ मेगाहर्ट्झची जुळवणी बिघडली की यंत्राशिवाय ती परत येत नाही.

वेळ सहा आठवडे लागला. त्यातले दोन आठवडे पीवाय ८८ शोधण्यात गेले. शेवटी बीईएलचा (भारत इलेक्ट्रॉनिक्सचा) न वापरलेला, खोक्यातला मिळाला. शेवटचे तीन दिवस सेट आधी अर्धा तास, मग दोन, मग चार तास चालवून पाहिला. ईएचटी ट्रान्सफॉर्मरमध्ये बारीक दोष असेल तर तो तापल्यावरच उघड होतो, म्हणून ही चाचणी घाईत उरकून चालत नाही. तपासणीचे पैसे आधी घेतात आणि बिलातून वजा करतात. काढलेले सगळे भाग पिशवीत परत देतात, ते मागून घ्या.

घरी येऊन काम करत नाहीत. घोडबंदरकडून किंवा ऐरोलीहून आणायचा असेल तर टेम्पो करावा, सेट उभाच ठेवावा, पडद्याची बाजू टेम्पोच्या भिंतीकडे, मध्ये गादी. उचलताना पडदा आपल्या छातीकडे, कारण वजन सगळं पुढे असतं. मागचं झाकण वेगळं काढून आणू नये, खड्ड्यांत ट्यूबची मान उघडी पडते. सेट मेच्या आत पोहोचला पाहिजे, कारण पाऊस सुरू झाला की काका ईएचटीचं नवं काम सप्टेंबरपर्यंत घेत नाहीत.